खालच्याने आधी वाचायचं

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं आहे, "ताई, लेख जरा शांतपणे लिहा." आता शांतपणा माझ्या अंगातच नाही, त्याला मी काय करू? भानुदासराव टेकाळे सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यांच्या गावी, घाटनांदूरला हारतुरे चालले आहेत, आणि सरांनी उभं केलेलं काम मात्र बंद पडलं आहे. ते पुन्हा चालू करायची जबाबदारी माझ्यावर आहे. तेव्हा लेख थोडा धुसफुसतच होईल, वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सरांची पहिली भेट माजलगावच्या कालव्यावर झाली. मी लिंबागणेशची, पाटबंधारे खात्यात नवी आणि तोंडानं फटकळ. पाणीपाळी चालू होती. वरच्या गावांनी जास्त पाणी ओढलं म्हणून कालव्याच्या शेवटच्या गावची माणसं काठ्या घेऊन आली होती. मी एकटीनं पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी पाहिली, वहीत आकडा लिहिला आणि सर्वांना सांगून टाकला. शेवटच्या गावचे एक म्हातारबाबा पुढे झाले. "तुमी एकटीनं बघितलं, आमी कावून मानावं?" मी भडकले. सरकारी वहीवर संशय घेता म्हणजे काय, असं बरंच काही बोलून गेले.

तेवढ्यात जीपमधून सर उतरले. ते तेव्हा आमचे वरिष्ठ अभियंते होते. त्यांनी ना मला दटावलं, ना गावकऱ्यांना. माझ्या आकड्यावर सरळ रेघ मारली, दोन्ही गावांचा एकेक माणूस मोजपट्टीपाशी उभा केला आणि म्हणाले, "खालच्यानं आधी वाचायचं. मोठ्यानं." म्हातारबाबांनी वाचलं, मग वरच्या गावच्यानं. आकडा माझाच निघाला! दोघांनी सह्या केल्या, माणसं परत गेली. मी फणकाऱ्यानं विचारलं, "मग माझं चुकलं काय?" सर हसले. "आकडा बरोबरच हाय ताई. पण मगाशी त्यो तुमचा होता, आता त्यांचा हाय."

पुढे सरांची नेमणूक सरहद्दीवरच्या एका नदीवर झाली आणि मदतनीस म्हणून त्यांनी मला मागून घेतलं. ही नदी आपल्याकडून शेजारच्या देशात जाते. पूर आला की खालचे म्हणत, मुद्दाम सोडलं. नदी आटली की म्हणत, मुद्दाम अडवलं. बैठकांत जो तो आपापले आकडे आपटून उठून जाई. एका उन्हाळ्यात तर नदीवरच्या पुलाच्या दोन्ही टोकांना सैन्य येऊन उभं राहिलं. सरांनी कालव्यावरचीच रीत पुढे केली. पुलाखाली एकच मोजपट्टी, एकच वही, रोज सकाळी दोन्हीकडचा एकेक अभियंता, दोन सह्या. आणि खालच्या देशानं आधी वाचायचं. दिल्लीचे एक साहेब म्हणाले, "ही काय उसाच्या पाण्याची भांडणं आहेत?" सर म्हणाले, "तीच हायती साहेब. फक्त बांध मोठा हाय." वही सुरू झाली, आणि हळूहळू सैन्यही मागं गेलं.

आपल्या बाजूनं वाचायचं काम माझ्याकडे होतं. तिकडून एक वयस्कर अभियंते येत, सर त्यांना 'बडे भाई' म्हणत आणि सरांच्या घरच्या काकूंनी बांधून दिलेले धपाटे त्यांच्यासाठी आठवणीनं राखून ठेवत. एका सकाळी बडे भाईंना सरहद्दीच्या चौकीवर अडवलं. मी वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी एकटीनंच वाचून सही ठोकली. आकडा खरा होता, शपथेवर सांगते! पण दुसऱ्या दिवशी तिकडच्या वर्तमानपत्रांत बोंब झाली की वरचे एकटेच वही भरतात. बडे भाई यायचे थांबले. सैन्याच्या गाड्या पुन्हा दिसू लागल्या.

माजलगावची चूक मी पुलाखाली पुन्हा केली होती. सरांनी वही मागवली, माझी नोंद खोडली आणि खाली लिहिलं, "ही नोंद एकट्याने केली, म्हणून रद्द. चूक माझी." खाली स्वतःची सही. आपल्याच देशाचा आकडा खोडला म्हणून त्यांच्यावर चौकशी लागली, बढती गेली, नको नको ते ऐकावं लागलं. मला मात्र एक शब्द बोलले नाहीत. मी विश्रामगृहात रडत बसले होते, तर पुढ्यात धपाटा ठेवून म्हणाले, "आदी खा. रडायलाबी ताकद लागती." तिसऱ्या दिवशी बडे भाई पुलाखाली हजर होते.

आता दोन्ही देशांचं पुन्हा बिनसलं आहे आणि वही बंद आहे. निवृत्त होऊन गावी राहणारे सर दर रविवारी फोनवर विचारतात, "वही उघडली का?" मी नाही म्हणते. मग ते तुरीचं सांगत बसतात, आणि माझा जीव तुटतो.

अर्जांवर अर्ज करून गेल्या महिन्यात मला पुलाखाली उभं राहायची परवानगी मिळाली. रोज सकाळी वही घेऊन गेले. तिकडून कोणी येईना. समोर पट्टी, हातात पेन, नुसते हात शिवशिवत! आठव्या दिवशी सरांनी विचारलं, "आकडा किती लिहिलास?"

"काहीच नाही सर. पानं कोरी ठेवलीत."

सर म्हणाले, "मंग शिकलीस बग."

परवा पलीकडच्या पायऱ्या उतरून एक तरुण अभियंता बाई आल्या. सही करायची परवानगी नाही, एवढंच बोलल्या. मग मी काही सांगायच्या आत मोजपट्टीपाशी गेल्या आणि मोठ्यानं आकडा वाचला. त्यांच्या मागून मी वाचला. तोच होता. त्या निघून गेल्या आणि मी तिथंच दगडावर बसून ढसाढसा रडले.

सरांना लगेच फोन केला.

"सह्या?" त्यांनी विचारलं.

"बाकी आहेत."

"मंग मला थांबावं लागतंय की!"

थांबाच, सर. गुडघ्यांचं औषध चुकवू नका, उन्हात शेताला जाऊ नका, काकूंचं ऐका. त्या कोऱ्या पानावर आकडा आणि दोन सह्या झाल्या की मी वही घेऊन घाटनांदूरला येणार आहे. आधी तुम्ही वाचायचं. मोठ्यानं.