तिसरा आटा

“दोन आटे गाडीसाठी, तिसरा माणूस रागात आवळतो,” राइली मला एकदा म्हणाली होती.

तेव्हा ती कमरेपर्यंत बॉनेटखाली होती. तिच्या शेडमधली भट्टी पेटत नव्हती आणि बाहेर उणे बावीस होतं. हातमोजा काढून ती दहा नंबरच्या पान्यानं नट फिरवत होती. बोटं लोखंडाला चिकटत, ती शिवी देऊन सोडवून घेई आणि पुन्हा लावी.

राइली रिंतालुओमा माझी शेजारीण. वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं तिनं या जुन्या डिझेल गाडीतून दूरदूरच्या शेतांवरची मुलं शाळेत पोचवली. गावातली निम्मी तरुण माणसं त्या मागच्या सीटवर कधी ना कधी ओकलेली आहेत. मग नगरपालिकेनं नवी गाडी दिली आणि जुनी शेडमध्ये गेली. तपासणीत ती पास होणार नव्हती. पण बर्फाला कुठली तपासणी? हौकीयार्वी तळं गोठलं की दर फेब्रुवारीत त्याच्यावर गावची शर्यत असते, आणि तिथे चार चाकं असली की पुरे.

एक अट मात्र आहे. शर्यतीत उतरलेली प्रत्येक गाडी शर्यतीनंतर विकाऊ असते. भंगार असो की राणी, किंमत एकच, बाराशे युरो. ज्याला हवी त्यानं चिठ्ठी टाकायची. एकाहून जास्त चिठ्ठ्या आल्या तर सोडत काढायची. मालकाला नाही म्हणता येत नाही. जो म्हणेल त्यानं पुन्हा बर्फावर यायचं नाही, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ पुन्हा कॉफीलाही यायचं नाही असा होतो. पूर्वजांनी हे शहाणपणानं ठरवलंय. कुणी गाडीवर फार पैसा ओतला तर ती दुसरा घेऊन जातो. त्यामुळे आमच्याकडे लोक जिंकायला येतात, पण फार जिंकायला नाही.

“तिसरी आले की बस,” राइली म्हणाली. “तिसऱ्या गाडीला कुणी चिठ्ठी टाकत नाही. आणि डिझेलला तर कुणीच नाही. अठ्ठावीस वर्षांत एक नाही.”

“मग आवळतेस कशाला?”

“ओइवाच्या मागे राहायचं नाही म्हणून.”

ओइवा तिचा धाकटा भाऊ. शेत त्याच्याकडे, जंगल त्याच्याकडे, आणि लाल पेट्रोल गाडी त्याच्याकडे. सलग चार वर्षं तोच पहिला.

ती काय करत होती ते सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि ते इंजिनात हवा कोंबतं. फार कोंबली जाऊ नये म्हणून एक झडप उघडते, धूर बाजूनं निसटतो. झडपेला एक दांडी आहे. नट आवळून दांडी आखूड केली की झडप उशिरा उघडते. हवा वाढते, तेवढं डिझेल पंपातून वाढवायचं, आणि म्हातारी धावायला लागते. दोन आट्यांपर्यंत धावते. तिसऱ्याला इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं जड झाकण, उचललं जातं आणि इंजिन संपतं.

दाबाचा काटा तिनं डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं लावला होता. काटा आणि बर्फ एकदम बघता येत नाहीत, म्हणून मी शेजारी.

“वाच!”

“शून्य पॉइंट सहा. सात.” तळ्यावरची सगळी पांढरी सपाटी आमच्याकडे धावत येत होती. “आठ! राइली, नऊ!”

टर्बोची शीळ कानात शिरली. मी पाठीनं सीटमध्ये रुतलो. “एक! एकावर थांबला!”

“थांबणारच,” ती ओरडली आणि हसली. मी तिला वीस वर्षं ओळखतो. तिचे दात तेव्हा पहिल्यांदा पाहिले. “हवा दाट आहे आज! म्हातारीला श्वास लागलाय!”

शर्यतीच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. दोन्ही प्राथमिक शर्यतींत ती तिसरी आली. अंतिम शर्यतीआधी काठावरच्या झोपडीत वाटाण्याचं सूप वाटत होते. ओइवा वाडगा घेऊन आला, मिशीला बर्फ लटकलेलं.

“ताई, तुझा ट्रॅक्टर छान धूर काढतो. मासे खारवून ठेवलेत, मागे टांगू का? सहा फेऱ्यांत भाजून होतील.”

लोक हसले. राइलीही हसली. “टांग. तुझ्यापेक्षा लवकर पोचतील.”

“माझ्यापेक्षा?” ओइवानं पाव मोडला. “ताई, मुलं पोचवायची गाडी आहे ती. मुलंसुद्धा उशिराच पोचायची.”

आता कुणी हसलं नाही. बावीस वर्षांत राइली एकदा उशिरा पोचली होती, ज्या सकाळी वडील गेले त्या सकाळी. हे झोपडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ओइवालाही आठवलं असावं. त्याचा पाव तोंडापाशी थांबला. पण राइली तोवर बाहेर गेली होती.

मी मागे धावलो. बॉनेट उघडं होतं.

“राइली, नको.”

पाना फिरला. अर्धा.

“हा राग आहे. तूच म्हणाली होतीस.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली आणि उरलेला अर्धा फिरवला.

झेंडा पडला तेव्हा मला आठच्या आठ गाड्या दिसल्या; मग काळा धूर दिसला आणि त्या धुरातून तिची गाडी बाहेर आली. शीळ नव्हती ती आता. किंकाळी होती. पहिल्या वळणावर ती आडवी झाली, मागचं चाक बर्फाच्या भिंतीला घासलं, पांढऱ्यावर काळी पट्टी ओढली गेली. मी काठावरून मोठमोठ्यानं आकडे म्हणत होतो, काटा दिसत नसताना. एक पॉइंट दोन! एक पॉइंट तीन! फुटणार! दुसरी फेरी. फुटली नाही. लाल गाडी तिच्यापुढे होती, मग शेजारी, आणि मग मागे. काठावरच्या बायका भांडी बडवायला लागल्या. मागच्या सीटवर ओकलेली ती सगळी मोठी मुलं बर्फात उड्या मारत होती. “राइली! राइली!” पाचवी. माझ्या दातांत हातमोज्याची लोकर होती. सहावी, आणि ती रेषेवरून गेली तेव्हा ओइवा अर्धं तळं मागे होता.

ती उतरली. कानटोपी पडलेली, केसांतून वाफ निघत होती. मी तिला मिठी मारली. ती थरथरत होती.

“डोकं टिकलं,” ती कानात म्हणाली. “ऐकलंस? टिकलं!”

मग तिनं माझ्या खांद्यावरून झोपडीकडे पाहिलं आणि तिचं थरथरणं थांबलं.

दाराशी रांग लागली होती. लोक एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होते.

मीही पळालो आणि चिठ्ठी लिहिली. वाटलं, माझी निघाली तर दुसऱ्या दिवशी तिच्या शेडमध्ये नेऊन लावीन. शर्यतीचा हिशेब ठेवणारी सेल्मा कॉफीचा डबा घेऊन बसली होती. तिनं चिठ्ठ्या मोजल्या. चौदा. अठ्ठावीस वर्षांत एक नाही, आणि आज चौदा. राइली भिंतीला टेकून उभी होती. डब्यातल्या चिठ्ठ्यांची सळसळ झोपडीभर ऐकू येत होती.

सेल्मानं एक चिठ्ठी उलगडली. चष्मा सारखा केला. पुन्हा वाचली.

“ओइवा.”

ओइवाचा चेहरा त्याच्या गाडीसारखा झाला. “ताई,” तो म्हणाला, “मी तुझ्याचसाठी टाकली गं. दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून. घे. पैसे नकोत, काही नको. गाडी तुझीच आहे.” आणि मग खालच्या आवाजात, “ते उशिराचं मी बोलायला नको होतं.”

घ्यावी तिनं, असं मला फार वाटलं. पण विकली गेलेली गाडी परत घेणं म्हणजे नाही म्हणणंच; अट सगळ्यांसाठी एक होती, आणि राइली तिथेच लहानाची मोठी झाली होती.

राइली टेबलापाशी आली. किल्ली काढली, ओइवासमोर ठेवली. नंतर दुसऱ्या खिशातून दहा नंबरचा पाना काढला आणि किल्लीशेजारी ठेवला. ओइवाला कळेना. तिनं एक बोट वर केलं आणि हवेत उलट्या दिशेनं फिरवलं, सावकाश, बरोबर एक वेढा. ओइवानं मान हलवेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

मग तिनं कानटोपी घातली, दार ढकललं आणि तळ्यावरच्या उजेडात चालत निघून गेली.