ताईंचा कप्पा जुळेना

कुटुंब सल्ला केंद्रात तिला सगळे ताईच म्हणत. भांडत येणारे नवरा-बायको, रुसलेले सासरे, दार आपटून निघून जाणारी पोरं, सगळ्यांना तिनं इतकी वर्षं समोर बसवून बोलतं केलं होतं. माणूस खुर्चीत कसा टेकतो त्यावरून त्याच्या घरात कुणाचं चालतं ते कळतं, असं ती म्हणायची. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. अशा बाईला पन्नाशी उलटल्यावर केंद्रानं संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राच्या वर्गात नेऊन बसवलं. आपल्या कामानं कुटुंबांना फरक पडतो, हे आता नुसतं सांगून भागणार नव्हतं. आकड्यांत दाखवायला हवं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी काय माशा मारत होते?" तिनं संचालकांना विचारलं.

संचालकांनी वर्गाचं वेळापत्रक पुढे सरकवलं.

वर्ग शनिवारी दुपारी भरे, नेमका डोळा लागायच्या वेळी. सर वयानं तिच्याहून लहान, आवाज मऊ, आणि कशावरही उत्तर एकच: "ते कसं मोजाल?" बाप मनातून घाबरलेला आहे म्हणा, कसं मोजाल? सून घुसमटते आहे म्हणा, कसं मोजाल? दुसऱ्या आठवड्यातच ताईला त्या तीन शब्दांचा उबग आला.

जोडीदार म्हणून वाट्याला आला एक तरुण समुपदेशक. पूर्वी तो दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायचा. पेन्सिलीला टोक काढायलाही त्याला इतका वेळ लागे, की वर्गानं त्याचं नाव 'सावकाश' पाडलं होतं. काम दोघांनी मिळून करायचं होतं. एका घरातलं बोलणं घरच्यांच्या परवानगीनं ध्वनिमुद्रित करायचं आणि मग वेगवेगळ्या खोल्यांत बसून प्रत्येक वाक्यावर एक शिक्का मारायचा: मागणी, नकार, तक्रार, आधार किंवा अर्धवट. शेवटी दोघांचे शिक्के किती जुळतात ते पाहायचं. निव्वळ योगायोगानं जेवढे जुळले असते तेवढे बाजूला काढून जो आकडा उरतो, त्याला कप्पा म्हणतात, असं सरांनी सांगितलं.

"कप्पा?" ताई म्हणाली. "माझ्या कपाटात चार आहेत. एकही नीट लावलेला नाही."

वर्ग हसला. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं.

परक्या घरात कुठे जायचं, म्हणून ताईनं आपल्याच घरातलं जेवतानाचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, मुलगी कॉलेजात पहिल्या वर्षाला. दोघांनी होकार दिला. फक्त नवऱ्यानं विचारलं, "मी काही बोलायचं का, की माझंही तूच बोलणार?" तो विनोद आहे असं समजून ताईनं फोन ताटांच्या मध्ये ठेवला.

पुढच्या शनिवारी आकडा आला शून्य पूर्णांक एकवीस.

"हे फारसं जुळलेलं नाही," सर म्हणाले.

"यानं घोळ घातला असणार," ताई म्हणाली. तिनं सावकाशचा कागद ओढून घेतला. मुलीच्या बोलण्यावर तिनं जिथे जिथे 'मागणी' लिहिलं होतं, तिथे तिथे त्यानं 'अर्धवट' लिहिलं होतं. "अरे, हे काय? पोरगी वसतिगृहात राहायला जायचं म्हणते आहे! महिनाभर घरात त्यावरूनच जुंपली आहे. मागणी नाही तर काय हे?"

"तसं कुठे म्हणाली ती, ताई?"

"सारखी म्हणते!"

सावकाशनं तो तुकडा पुन्हा लावला. त्यालाही त्यानं वेळ घेतलाच. मुलीचा आवाज आला, "आई, वसतिगृहातल्या मुलींना..." आणि त्यावर ताईचा, "वसतिगृहाचं नावसुद्धा काढू नकोस." थोड्या वेळानं परत, "अगं पण वसतिगृहात कसं असतं, की..." "तुला काय कमी आहे या घरात?" तिसऱ्यांदा मुलगी नुसतं "ऐक तरी" म्हणाली, आणि पुढे ताईच बराच वेळ बोलत राहिली.

"वाक्य पुरंच होत नाहीये," सावकाश अगदी अदबीनं म्हणाला. "म्हणून अर्धवट."

"मी आई आहे तिची. मला ठाऊक आहे ती काय म्हणणार होती."

"टेपमध्ये आहे तेवढंच धरायचं," सर म्हणाले. "तिच्या मनातलं कसं मोजाल?"

ताईच्या डोक्यात सणक गेली. मोजाल म्हणे! तरातरा घरी येऊन, चपलासुद्धा न काढता, तिनं मुलीला गाठलं. "खरं सांग. तुला वसतिगृहात जायचं आहे की नाही?"

मुलीनं कानातली इयरफोनची बोंडं काढली. "कुणी सांगितलं?"

"तूच तर महिनाभर म्हणते आहेस!"

"मी म्हणत होते, वसतिगृहातल्या मुलींना दर तासाला घरून फोन येत नाही. मला येतो. सगळे हसतात. तेवढं बंद कर, एवढंच म्हणायचं होतं." मग ती म्हणाली, "ते घाणेरडं वसतिगृह कशाला हवंय मला?"

आतून नवऱ्याला ठसका लागला. हसू दाबताना लागला असावा. ताई चपलांसकट पलंगावर बसली. महिनाभराची आदळआपट, अबोला, नवऱ्याला दिलेले टोमणे, सगळं एका न झालेल्या मागणीपायी! तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त सावकाशचा.

पण बाई खोटं रेटणारी नव्हती. पुढच्या शनिवारी वर्गात गेल्या गेल्या तिनं सांगून टाकलं, "याचं बरोबर आहे. मी मुलीला विचारलं. आता माझे शिक्के बदलते, म्हणजे आकडा सुधारेल."

"नाही बदलता येणार," सर म्हणाले.

"का? मी स्वतः चूक कबूल करते आहे!"

"तुम्ही टेपबाहेर जाऊन माहिती आणलीत. हा आकडा आहे तसाच अहवालात जाईल. शिक्क्यांच्या व्याख्या नव्यानं लिहा आणि दुसऱ्या घराचं ध्वनिमुद्रण घ्या."

"बरोबर उत्तर आणलं तरी चालत नाही, असं हे कसलं शास्त्र?" ताई ओरडली. सावकाशनं तिच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली. तीही आधी झाकण सावकाश उघडून.

'अर्धवट' म्हणजे काय, यावर दोघं दोन शनिवार भांडले. श्वास घ्यायला थांबलेलं अर्धवट का? स्वतःहून सोडून दिलेलं? दुसऱ्यानं तोडलेलं? ताई म्हणे हे न सांगता कळतं. सावकाश म्हणे कळतं ना, मग लिहा. शेवटी तिनं दात-ओठ खात लिहिलं. सावकाशच्या मावशीच्या घरचं बोलणं घेतलं, आणि आकडा शून्य पूर्णांक अडुसष्टवर गेला. सरांनी "ठीक" असा शेरा मारला. ताई जेमतेम पास झाली.

संख्याशास्त्राशी तिचं आजही पटत नाही. मुलीला दिवसातून एकच फोन करायचा, असं घरात ठरलं आहे. ताई ते पाळते. आता नवरा लिफ्टच्या खोलीतून दर तासाला मुलीला फोन करतो, आणि त्यावरून रोज संध्याकाळी नवी जुंपते.