माझ्या चिनोरात शिरलेला करगा

माझी धाकटी जाऊ देवभोळी आहे. तिचा देव माझ्या भाताच्या बांधीत शिरला नव्हता तोवर माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

ऋषिपंचमीला आमच्याकडच्या बाया नांगर न लागलेलं धान्य खातात. त्यासाठी तलावात आपोआप उगवणारं देवधान लागतं. ते पिकलं की लगेच गळतं, म्हणून कमरेइतक्या पाण्यात शिरून लोंब्या टोपलीत झटकून घ्याव्या लागतात. चिखल असतो, जळवा असतात. मीही हे केलं आहे. जावेचे गुडघे दुखायला लागले तेव्हा तिनं डोकं चालवलं. तलावातलं बी आणून आपल्या बांधीच्या खोलगट कोपऱ्यात नांगर न फिरवता फेकलं. त्या कोपऱ्याला लागून धुरा, म्हणजे आमच्या दोघींमधला बांध, आणि धुऱ्याच्या अलीकडे माझा चिनोर.

चिनोर म्हणजे बारीक, वासाचं धान. घरात शिजला की शेजारी विचारतो. सासूकडून आलेलं बी मी दरवर्षी चांगल्या लोंब्या निवडून ठेवत होते. बाजारचा दाणा त्या बांधीत कधी पडला नव्हता.

"काहून वं, हे इथं कायले फेकलं?" मी तिला विचारलं. "फुलोऱ्यात वारा माझ्याकडंच येते."

"देवाचं धान हाये, बाई. त्यानं कोणाचं वाईट होते का?"

"देवाचं असन तर देवघरात लाव."

ती हसली. तिला मस्करी वाटली.

पुढच्या वर्षी चिनोरात काही झाडं उंच निघाली. लोंबीला लांब कुसळं, आणि हात लावला की दाणे खाली. आमच्याकडे म्हणतात तो करगाच. चिनोर नाही, देवधान नाही, दोघांचं मिळून झालेलं तिसरंच काहीतरी. दाणा सोलला तर आत लाल. मी सगळी झाडं उपटली, पण बरेच दाणे आधीच चिखलात गेले होते.

त्याच्या पुढच्या वर्षी निंदणात जी उंच, फताडी झाडं दिसली ती वेळेवर काढली. वाटलं, सुटले. धान पिकलं तेव्हा कळलं. चिनोरासारखीच उंची, तसंच पान, लोंबीला कुसळही नाही, आणि दाणे मात्र गळून चाललेले. शेजारी शेजारी उभं असून ओळखता येईना.

माझी नात भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली, तिनं बांधी पाहिली आणि खूशच झाली.

"आजी, दोन वेगळ्या जाती मिसळल्या की असं होते. कितीतरी नवीन जाती अशाच तयार झाल्या. जंगली धानात रोगाले तोंड द्यायची ताकद रायते, म्हणून शास्त्रज्ञ मुद्दाम असा संकर करतात."

"त्यायले करू दे त्यायच्या बांधीत. माझ्या बांधीत कायले?"

"आणि तू जे ओळखलं ते उपटलं. ओळखू नाही आलं ते रायलं. म्हणजे लपणारं तूच निवडलं, आजी."

तिचं खरं असेल. म्हणूनच मला जास्त राग आला. एवढी वर्षं कंबर मोडून निंदण केलं, आणि त्या हातांनीच करग्याला चिनोरासारखं दिसायला शिकवलं म्हणे.

मळणीनंतर ढिगातून मूठ घ्यायची आणि दाणे सोलून पाहायचे, हे मी किती वेळा केलं. प्रत्येक मुठीत लाल दाणा होताच. त्या वर्षी बी ठेवलं नाही. सगळं खाऊन टाकलं.

मग पुढच्या पावसाळ्यात देवधान फुलोऱ्यावर यायच्या आधी विळा घेऊन दिवसाढवळ्या तिच्या कोपऱ्यात उतरले. जाऊ धुऱ्यावर धावत आली.

"बाई, पाप लागंन तुमाले!"

"लागू दे. तू चिनोर खाल्ला ना एवढी वर्षं? आता पाप खा."

मुळापासून कापून बैलांपुढे टाकलं. त्यांनी खाल्लं, काही झालं नाही.

त्या बांधीत आता मी धान लावत नाही. करगा उगवू देते आणि नांगरते, पुन्हा उगवला की पुन्हा नांगरते. माती साफ होईलही. बी कुठून आणू? गावात चिनोर म्हणून जे देतात त्याला वास नाही. बाकीच्यांनी केव्हाच सोडला, माझ्याकडेच उरला होता.

परवा जावेनं दुकानातून बियाण्याची पिशवी आणून माझ्या ओसरीवर ठेवली. "दुकानदार म्हणे यालेबी वास येते, बाई," एवढं बोलून उभी राहिली. तिला वाटलं, मिटलं.

पिशवी न उघडता मी तिच्या हातात परत दिली आणि दार लावून घेतलं.