व्याह्यांचा चहा

दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, मेहकरच्या एका खाजगी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन सकाळच्या ऐवजी दुपारी झालं. त्या दवाखान्यात मी नर्सच्या हाताखाली मदतनीस होते.

त्याच दिवशी मला बुलढाण्याला नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागद तपासून घ्यायचे होते. पहिल्या फेरीत तिथलीच जागा लागली होती आणि जिल्ह्याबाहेर पाठवणार नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. पेशंट आत गेला की निघ, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. पिशवी टेबलाखाली तयार होती. गॅलरीतून स्टँडवर लागणाऱ्या बस दिसत. मी तीनदा जाऊन पाहून आले.

पेशंट सत्तरीचे आजोबा. तोंडाने काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे रात्रीच समजावलं होतं. स्ट्रेचर आलं तेव्हा खाटेशेजारी त्यांचे व्याही थर्मास घेऊन बसलेले. गावाकडून पहिल्या बसने आले होते.

"तुमीबी घ्या सिस्टर, अजून हाये त्याच्यात," ते म्हणाले. मी सिस्टर नव्हते.

आजोबांनी काही घेतलं का, असं मी विचारलं. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. पायथ्याशी बसलेल्या आजी म्हणाल्या, "काहीच नाही बाई. निस्ता कपभर चहा. चहानं कुठं उपास मोडते?"

"अन् व्याह्याले नाही कसं म्हनू?" आजोबा म्हणाले.

चहा दुधाचा होता. त्यावर भूल दिली तर उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. ऑपरेशन पुढे ढकललं तर माझं निघणंही पुढे जाणार होतं. आतून दुसऱ्यांदा हाक आली. मी सिस्टरांना चहाचं सांगितलं.

डॉक्टर व्याह्यांना काय बोलले ते वॉर्डभर ऐकू गेलं. व्याही थर्मास घेऊन जिन्यात जाऊन बसले. आजोबांजवळ मला बसवलं. ते पाणी मागत होते. मी नाही म्हणत होते आणि प्रत्येक हॉर्नला खिडकीकडे बघत होते.

ऑपरेशन नीट झालं. मी बुलढाण्याला पोचले तेव्हा कागद तपासणारे निघून गेले होते. शिपायाने पुढच्या फेरीची चौकशी करायला सांगितलं.

दुसऱ्या फेरीत जागा जिल्ह्याबाहेर, अकोल्याला मिळाली. आठवडाभर घरात तो विषय कुणी काढला नाही. अकोल्याच्या बसमध्ये माझी पेटी वडिलांनी चढवली आणि ते शेजारी येऊन बसले.