चिरुटांच्या फ्रीजचा वास

फ्रीज दुरुस्तीच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपोआप साठत जातात. बाहेरच्या खोलीत माणूस काय वाटेल ते बोलतो, पण मेकॅनिकसमोर फ्रीजचं दार उघडायची वेळ आली की त्याची पंचाईत होते. कडक उपास करणाऱ्या एका आजींच्या भाजीच्या कप्प्यात आम्ही अंडी पाहिली आहेत. डाएटवाल्या एका मॅडमच्या फ्रीजरमध्ये नुसती कुल्फीच कुल्फी! आम्ही तिथे काही बोलत नाही. गॅस भरतो, बिल देतो आणि दुकानात येऊन पोट धरून हसतो.

आमचं दुकान दिवेआगरात. आमचं म्हणजे माझं आणि सदाचं. सदा पाना धरतो, मी फोन धरतो. शिव्या दोघांनी मिळून खायच्या असं ठरलंय, पण गिऱ्हाईकाचा फोन मीच उचलत असल्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्त येतात.

सगळे किस्से हसण्यासारखे असतात असंही नाही.

* * *

गावाने वर्गणी काढून एक शवपेटी घेतली आहे. वर काचेचं झाकण, खाली कॉम्प्रेसर. मुंबईहून मुलगा येईपर्यंत मयताला त्यात ठेवायचं. पेटी बिघडली की बोलावणं आम्हाला येतं.

एकदा एका घरी ती ऐन वेळी बंद पडली. घरात रडारड चाललेली, आणि सदा पेटीखाली उताणा पडून वायर जोडतोय. कॉम्प्रेसर एकदाचा घुरघुरला. तेवढ्यात मयताची बायको, म्हातारी बिचारी, वाकून सदाला म्हणाली, "जास्त गार नको करू हां बाबा. यांना गारठा सोसत न्हाय."

कोणीही म्हटलं असतं, करतो हां काकी कमी. सदा पेटीखालून म्हणाला, "आता न्हाय लागत त्यांना गारठा, काकी."

म्हातारीने जो टाहो फोडला! दोन जावई सदाच्या अंगावर धावून गेले. मी मध्ये पडलो म्हणून हातपाय शाबूत राहिले.

बाहेर आल्यावर मी त्याला झाप झाप झापलं. तो म्हणाला, "मग काय सांगू? खोटं सांगायला गेलो की माझी जीभच वळत न्हाय."

* * *

हा किस्सा गावभर झाला आणि दिघे साहेबांच्या कानावर गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून फोन. "तो शवपेटीवाला मेकॅनिक पाठवा!"

दिघे साहेब जहाजावर चीफ इंजिनियर होते. निवृत्तीनंतर समुद्राकडेला नारळी-सुपारीची वाडी घेऊन राहिले. मग घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा, आणि बोलायचं असेल तर टॉर्चएवढं एक मशीन गळ्याला टेकवायचं. त्यातून सपाट, घरघरता आवाज निघायचा. पहिल्यांदा ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता.

हॉलमध्ये एक कोरा वाईन कूलर, म्हणजे वाईनच्या बाटल्यांचा छोटा फ्रीज, ठेवला होता. सदाने विचारलं, "थंड होत न्हाय काय?"

"होतो. वास येतो. प्लास्टिकचा."

"मग येऊ द्या. बाटलीला बूच असतंय."

"वाईन नाही. सिगार ठेवायचेत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गळ्याला भोक पडलेला माणूस, आणि सिगार! त्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या कुंदाने हळूच मला समजावलं, "चिरूट वो, चिरूट!" उघड्यावर ठेवले की आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी येते, म्हणून अशी बंद, जेमतेम गार जागा लागते. पण सिगार आजूबाजूचा वास शोषून घेतात. नव्या कूलरमध्ये ठेवले तर ओढताना प्लास्टिक जाळल्यासारखं लागणार.

खरी गोम पुढेच होती. साहेबांना वास येतच नव्हता. श्वास गळ्यातून, नाकात हवा जाणार कुठून?

"सगळे खोटं बोलतात," साहेब मशीनमधून म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, बरे व्हाल. मुलगा म्हणतो, छान दिसता. बायको म्हणते, वास गेला. तू सांग. आहे?"

सदाने कूलरमध्ये डोकं घातलं, मोठा श्वास घेतला. "हाय. नव्या चपलांच्या दुकानासारखा."

"गुड!" साहेब म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी कोणीतरी बक्षीस दिल्यासारखे हसले.

* * *

मग सुरू झाला उपद्व्याप. खायच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसून काढलं. जाळ्या काढून धुतल्या. वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वाटीत कोळसा ठेवला, दार उघडं टाकून समोर पंखा लावला. सदा अधूनमधून जायचा, डोकं घालायचा आणि म्हणायचा, "हाय."

एकदा मीच शहाणपणा शिकवला. म्हटलं, कडक ऊन पडलंय, गच्चीवर ठेवू! दोघांनी धापा टाकत तो वर चढवला. संध्याकाळी दार उघडलं तर प्लास्टिक तापून वास दुप्पट!

साहेबांनी मशीन टेकवलं. "मी इंजिनियर आहे. मला विचारायचं होतंत."

* * *

कुंदाला या कूलरचा वैताग आला होता. तिच्या झाडलोटीच्या वाटेतच तो उभा. एक दिवस आम्ही पोचलो तर घरभर धूर. कुंदाने निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग टाकून ती वाटी कूलरच्या आत ठेवली होती आणि दार लोटून घेतलं होतं. बाळ-बाळंतिणीला देतात तशी चक्क धुरी!

"माझ्या सुनेच्या खोलीत एवढा कुबट वास व्हता, धुरीने गेला," ती ठासून म्हणाली. "हा काय मोठा लागून गेला?"

आतलं अस्तर एका जागी वितळून फोड आल्यासारखं झालं होतं. सदाने डोकं घातलं, खोकत बाहेर काढलं. साहेब वाटच बघत होते.

"आता बाळंतिणीचा वास येतोय, साहेब. त्याच्या खाली प्लास्टिक हायच."

साहेब हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. नुसते खांदे गदगदत होते आणि गळ्याच्या भोकातून हवा फसफसत होती. दिघे काकू धावत आल्या. त्यांना वाटलं श्वास कोंडला. हसताहेत असं कळल्यावर त्या तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागल्या.

* * *

न राहवून मी एकदा विचारलं, "साहेब, तुम्हाला ओढायचे नाहीत, वास येत नाही. मग हा खटाटोप कशासाठी?"

"माझ्या तेराव्यासाठी."

मला वाटलं मशीनने काहीतरी भलतंच ऐकवलं.

"जहाजावरचे मित्र येतील. त्यांना श्रीखंड नको. एकेक सिगार. व्हरांड्यात बसून ओढतील." त्यांनी पुन्हा मशीन टेकवलं. "आणि प्लास्टिकचा वास आला तर म्हणतील, दिघेला शेवटपर्यंत मेंटेनन्स जमला नाही!"

काकू चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्या तशाच कप घेऊन आत परत गेल्या.

* * *

आजार उलटला. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आता घरी न्या असं डॉक्टर म्हणाले की काय समजायचं, ते आपल्याला कळतं. साहेबांचा पलंग हॉलमध्ये आणला, कूलर दिसेल असा. सिगारची लाकडी पेटी अजून कपाटातच पडून होती.

त्या दिवसांत काकू पहिल्यांदा आमच्या दुकानाची पायरी चढल्या. मी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"सदा, एकदा म्हण रे, गेला म्हणून. त्यांचा जीव त्यात अडकलाय. सुखाने जाऊ दे त्यांना."

"काकू, हाय तर न्हाय कसं म्हणू?"

काकूंनी हात जोडले. आईच्या वयाच्या बाईने हात जोडल्यावर माणूस काय करणार? सदा मान खाली घालून त्यांच्या मागोमाग गेला. मीही गेलो.

त्याने नेहमीसारखं कूलरमध्ये डोकं घातलं. बाहेर काढायला जरा जास्तच वेळ लावला. मग पलंगाकडे न बघता म्हणाला, "गेला, साहेब. वास गेला."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मशीन त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी गळ्याकडे नेलं नाही, चादरीवर ठेवून दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर जाईपर्यंत त्यांनी ते मशीन एकदाही उचललं नाही. काकूंनी हाक मारली तरी नाही आणि मुलगा आला तरी नाही.

मला सदाचा राग आला नाही, काकूंचाही आला नाही.

* * *

साहेबांचा दहावा खाडीवर होता. भटजींनी पिंड मांडले, आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळ्यांना काही तोटा नव्हता. ओढून ठेवलेल्या होडीच्या कडेवर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरेना.

मुलाने हात जोडले. "बाबा, आईला मी पुण्याला नेईन." कावळे ढिम्म.

"बाबा, वाडी विकणार नाही." एक कावळा उडाला आणि लांब जाऊन बसला.

"आईला तिकडे करमलं नाही तर मी इकडे येऊन राहीन!" हे ऐकताच त्याच्या बायकोने त्याच्याकडे चमकून पाहिलं. कावळे जागचे हलले नाहीत.

काकू पुढे झाल्या. "अहो, तेराव्याला श्रीखंड करणार नाही. तुमच्या मित्रांना सिगारच देईन. आता तरी घ्या ना हो!" त्यांचा आवाज फुटला. कुंदाने त्यांना धरलं.

ऊन चढलं. पाय भाजायला लागले. भटजी घड्याळ बघून म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावतो. शास्त्रात सोय आहे."

"थांबा जरा," सदा म्हणाला.

तो पिंडांसमोर जाऊन उकिडवा बसला. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. त्यांच्या हॉलमध्ये बोलायचा तसा साध्या आवाजात बोलला, "साहेब, वास हाय. त्या दिवशीपण व्हता. मी खोटं बोललो."

काकूंनी पदर तोंडात धरला.

होडीवरचा एक कावळा उतरला, दोन उड्या मारत पिंडाजवळ आला, भात उचलला आणि गेला.

भटजी म्हणाले, "झालं. चला, आंघोळी उरका!"