अमेरिकन वाचनालयातला शब्दकोश

चेन्नईजवळच्या तांबरम स्टेशनच्या बाकावर ते रोज रुमालाने माझी जागा पुसतात. "बसा राव," म्हणतात, तंजावरी हेलात, आणि शेजारी बसतात.

तरुणपणी ते आमच्या रणगाड्यांच्या कारखान्यात रशियन इंजिनियरांचे दुभाषी होते. ते अमेरिकन वाचनालयात जातात, असं साहेबांना मीच लिहून कळवलं. रशिया-अमेरिकेच्या त्या वैरात एवढं पुरे होतं. त्यांची नोकरी गेली. दुभाष्याचं काम पुन्हा मिळालं नाही.

काल अखेर मी कबुली दिली. ते रुमालाची घडी घालत राहिले.

"सरी, ठीक आहे. तिथे मी काय वाचायचो, ते लिहिलं होतंत, राव?"

"नाही."

"रशियन शब्दकोश. कारखान्यातला फाटका होता."

आज त्यांनी नेहमीसारखी जागा पुसली. मी बसलो. ते उभेच राहिले.