कंपाउंडरभाऊंचं कुलूप

सिहोऱ्यात कोणाच्या घरी काय शिजलं हे अख्ख्या गावाला कळायचं. पण कोणाला काय आजार झाला, हे ब्रह्मदेवालाही आमच्या शेजारच्या कंपाउंडरभाऊंना विचारावं लागलं असतं, आणि भाऊंनी सांगितलं नसतं. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. डॉक्टर तुमसरहून फक्त बाजाराच्या दिवशी यायचे. एरवी दवाखाना भाऊंचा. पेशंटचं रजिस्टर कुलपात, किल्ली करदोट्याला. ही राखण त्यांना कोणी नेमून दिली नव्हती, त्यामुळे काढून घेणारंही कोणी नव्हतं. औषधाची बाटली वर्तमानपत्रात अशी गुंडाळायचे, की ती सोडेपर्यंत खोकला थांबायचा. एकदा मला माझ्याच पोटदुखीचं कारण सांगायला त्यांनी आधी खिडकी लावली, मग दारातली शेळी हाकलली. "जनावर असलं तरी पाटलाचं हाय," म्हणाले.

त्याच साली ताईला तुमसरचं स्थळ आलं. दोन वर्षांपूर्वी तिला टीबी झाला होता. भाऊंच्या सुया घेऊन ती ठणठणीत बरी झाली होती. पण टीबीचं नाव निघालं की सोयरीक मोडलीच! पाहुणे आले, आणि मुलाचे मामा चहाआधीच दवाखान्याकडे निघाले. आईच्या तोंडचं पाणी पळालं. मला घेऊन ती मागच्या दारानं दवाखान्यात भाऊंकडे धावली. "भाऊ, फक्त 'काही नव्हतं' म्हणा."

"नाही म्हणत, वहिनी. आज एकीबद्दल 'काही नव्हतं' म्हणलो, तं उद्या ज्याच्याबद्दल गप्प राहीन, त्याचं गावाले समजून जाईन ना!"

मामा आले, तशी आई मला घेऊन दाराआड झाली. ताईबद्दल विचारलं, भाऊ गप्प. मामा हुशार. सरपंचाबद्दल विचारलं, माझ्याबद्दल विचारलं, गप्प. तेवढ्यात भाऊ सटासट शिंकले. मामांनी लगेच विचारलं, "तुमाले सर्दी झाली का जी?"

"तेही नाही सांगत."

मामा घरी येऊन म्हणाले, "एक तं अख्खं गाव बिमार हाय, नाही तं तो कंपाउंडर पागल हाय!" सगळे हसले. ताई हसली नाही. पोह्यांची बशी मुलासमोर ठेवून म्हणाली, "मले टीबी झाला होता. आता बरी हाय."

आईनं डोळे मिटले. मुलानं बशी उचलली. "बरं झालं, तुमीच सांगितलं," म्हणाला आणि खाऊ लागला.

लग्न झालं. भाऊ मात्र आठवडाभर दारोदार सांगत फिरले, "मी नाही सांगितलं हं!" काय नाही सांगितलं, तेही सांगेनात.

पुढं दहा वर्षांनी भाऊ गेले. त्यांना काय झालं होतं, कोणालाच माहीत नव्हतं. ताई तुमसरहून धावत आली, त्यांच्या पायाशी बसली आणि रडत म्हणाली, "मले तरी सांगाचं होतं ना, भाऊ."